हाडांची रात्रपाळी



आमच्या जाफराबादकडे रब्बी लागली की वर्गात एक गोष्ट दिसते. शेताची लाईट रात्रीची असली की बाप मोटर चालू करायला जातो, घर जागं राहतं आणि पहिल्याच तासाला दोन-तीन लेकरं बाकावर डोकं टेकवतात. काही जण रात्री मोबाईल बघत बसलेले असतात. आपण म्हणतो, अभ्यास बुडाला. पण झोपेचा संबंध हाडांशीही आहे बरं का.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. जुनं हाड झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं घडवणाऱ्या वेगळ्या. ही झीज रात्री-पहाटे वाढते, दुपारी कमी होते. रात्री पोटात काही जात नाही, पण रक्ताला कॅल्शियम लागतंच. ते हाडांतून घेतलं जातं. जेवलं की झीज मंदावते.

मग जागून झीज वाचेल का? नाही. वाढीचं हार्मोन सगळ्यात जास्त सुटतं ते झोप लागल्यावरच्या पहिल्या गाढ झोपेत. कॉर्टिसॉल हे हार्मोन मध्यरात्रीच्या सुमारास कमी आणि सकाळी जास्त असतं. आपण अवेळी जागलो की हे वेळापत्रक बिघडतं.

2017 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांना तीन आठवडे कमी आणि अवेळी झोपू दिलं. रक्तात हाडाच्या झिजेची खूण तशीच राहिली, बांधणीची मात्र घटली. तरुणांमध्ये जास्त घटली. माणसं दहाच होती आणि सगळी मोठी, म्हणून लेकरांना तो आकडा लावायचा नाही. दिशा मात्र लक्षात घ्यावी. 2004 च्या एका अभ्यासात मेंढीच्या कोकरांच्या पायाचं हाड मोजलं, तर वाढीतला सुमारे 90 टक्के भाग कोकरू आडवं असताना झालेला दिसला!

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. पण शाळा उशिरा भरली म्हणून लेकरू आणखी उशिरा झोपलं, तर हिशोब तोच राहतो. हा प्रश्न शाळेच्या घंटेने सुटत नाही, घरातल्या दिव्याने सुटतो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर रात्री साडेनऊच्या आत डोळा लागला पाहिजे. पाणी द्यायला एकाने जावं, लेकराला उठवू नये. मोबाईल जेवणाआधीच बाजूला ठेवावा. दूध-दही, तीळ, शेवगा ताटात असू द्या, संध्याकाळी मैदानावर पळू द्या.

आणि शिक्षक मित्रांनो, आठवडाभर वर्गात एवढंच विचारा, "काल किती वाजता झोपलास रे?" उत्तरं फळ्यावर लिहा आणि पालक सभेत तोच तक्ता दाखवा. आईबापांना भाषणापेक्षा तो जास्त कळतो.