सर्व्हर डाऊन नव्हता

बीड जिल्ह्यात ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता कुणी सहज ऐकून घेत नाही. २०२३ नंतर इथल्या काही मल्टिस्टेट पतसंस्थांच्या शाखांना कुलपं लागली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. कुणाचे ऊसतोडीतून साठवलेले, कुणाचे लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले. तेव्हापासून काउंटरवर दहा मिनिटं उशीर झाला तरी रांगेत कुजबुज सुरू होते.

मी सर्व्हर सांभाळायची कामं घेतो. दसऱ्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या आठवड्यात एका पतसंस्थेनं मला बोलावलं. सकाळी अकराच्या सुमारास पैसे काढण्याचा स्क्रीन अडकायचा, दुपारी आपोआप सुटायचा. ‘मशीन जुनं झालंय, नवीन घ्यावं लागेल का?’ असं मॅनेजर विचारत होते.

मशीन दमलेलं नव्हतं. मेमरी मोकळी, डिस्क ठीक, नेटवर्कची लाइन सरासरी पावही भरत नव्हती. मग मी नेटवर्क कार्डाचे आकडे उघडले. लिनक्सवर ‘एथटूल’ नावाची आज्ञा दिली की कार्ड स्वतःचा हिशेब सांगतं. त्यात आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो आत्ता वाढतोय का, हे बघायचं असतं. म्हणून दहा-दहा मिनिटांनी वाचायचं आणि फरक काढायचा.

दोन आकडे वाढत होते. पहिला सीआरसीचा. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी पडताळणीचे चार बाइट असतात. ते जुळले नाहीत तर माल वाटेत खराब झाला असं समजायचं. केबल कपाटाच्या दारात चेपली होती. ती बदलली, आकडा थांबला.

दुसरा ‘मिस्ड’चा. इथे माल धड पोचतो, पण उतरवून घ्यायला कुणी नसतं. कारखान्यात गव्हाणीपुढे बैलगाड्यांची रांग लागते, तशी कार्डापुढे पॅकेटची रांग असते. या कार्डात २५६ गाड्यांची जागा होती. एक गिगाबिटच्या लाइनवर मोठी पॅकेट सलग आली तर तेवढी जागा तीनेक मिलिसेकंदांत भरते. पुढची गाडी परत जाते, समोरचं मशीन ती पुन्हा पाठवतं आणि स्क्रीन अडकतो. सर्व्हरच्या आठ कोअरपैकी सात निवांत होते. कार्डाची हाक ऐकणारा एकटाच घामाघूम झाला होता.

एवढ्या गाड्या येत होत्या कुठून? कॅमेऱ्यांकडून. बाकीच्या संस्था बुडाल्यावर लोकांना विश्वास वाटावा म्हणून सगळ्या शाखांत नवे कॅमेरे बसवले होते आणि रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर, याच कार्डातून येत होतं. गर्दी वाढली की चित्रात हालचाल वाढते, तसा डेटाही वाढतो. म्हणजे माणसं पैसे काढायला जमली, की त्यांचीच चित्रं त्यांच्या पैशांची वाट अडवत होती.

मी रेकॉर्डिंगसाठी वेगळं पोर्ट वापरायचं ठरवलं, रांगेची जागा २०४८ केली, काम चार कोअरवर वाटलं. असे बदल करताना जोडणी क्षणभर तुटते, म्हणून संध्याकाळी शाखा बंद होईपर्यंत थांबणं भाग होतं.

तोवर बाहेर काय सांगायचं? क्लार्क सवयीनं तेच वाक्य बोलणार, इतक्यात खिडकीशी उभी असलेली एक बाई म्हणाली, “साहेब, सरवर डाऊन म्हणू नका. त्यांनी बी पहिल्यांदा तसंच म्हणलं व्हतं.”

मॅनेजर बाहेर आले. कॅमेऱ्यांमुळे लाइन तुंबलीय, पैसे आजच मिळतील, उशीर होईल, असं त्यांनी रांगेला सरळ सांगितलं. हाताशी दुपारपर्यंतचे कॅमेरे बंद करणं होतं, तेही केलं. रांग हलली. बाईनं नोटा दोनदा मोजल्या आणि टेम्पो निघायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा ते एक मी तो आकडा बघत बसलो. वाढला नाही. एवढंसं कार्ड, पण आपल्या हातून काय निसटलं याची नोंद ते ठेवतं आणि विचारलं की लपवत नाही. त्या बाईला तरी याहून वेगळं काय हवं होतं?