जित्याची खोड

रात्रीचा दीड वाजलाय. जुना कार्ड रीडर लॅपटॉपला लावला की लिनक्स अडखळतं. लॉगमध्ये वाचनाच्या चुकांची रांग लागते आणि दरवेळी अगदी शेवटच्या सेक्टरवर. कार्ड बदललं, केबल बदलली. व्यर्थ.

मग उमगलं, रीडरच चुकीचं सांगतोय. संगणक विचारतो, "तुझ्या शेवटच्या सेक्टरचा क्रमांक काय?" मोजणी शून्यापासून, म्हणजे १००० सेक्टर असतील तर उत्तर ९९९ हवं. हा पठ्ठ्या एकूण संख्याच सांगून मोकळा होतो: १०००. लिनक्सचं कर्नल भाबडेपणाने नसलेला सेक्टर शोधायला जातं.

गंमत म्हणजे ही खोड कर्नलला नवी नाही. त्याच्या सोर्समध्ये 'अनयुज्वल डेव्ह्स' नावाची फाईलच आहे. कोणतं यूएसबी यंत्र कुठे घसरतं, याची नोंदवही. माझा रीडर तिच्यात नव्हता. म्हणून बूटच्या ओळीत यूएसबी-स्टोरेजच्या 'क्वर्क्स'पुढे त्याचे दोन ओळखक्रमांक लिहिले आणि शेवटी 'सी' हे एक अक्षर. अर्थ एवढाच: हा सांगेल त्यातून एक वजा कर. चुका थांबल्या.

लहानपणी आमच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. कुणी ते दुरुस्त केलं नाही. सगळे मनातल्या मनात दहा वजा करायचे. शाळा कधी चुकली नाही. पाहुणे मात्र उगाच धावपळ करायचे, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसे.

खोड मोडत नसेल तर निदान लिहून ठेवावी. पुढचा माणूस रात्री लवकर झोपतो.