वचन देण्यापूर्वी

ऑक्टोबर महिना लागला आणि शूलकिल नदीच्या काठावरील झाडे तांबूस-पिवळी होऊ लागली की, फिलाडेल्फियातील ज्या मराठी घरांत बारावीतले मूल असते, तेथे दिवाळीच्या फराळापेक्षा १ नोव्हेंबर या तारखेची चर्चा अधिक चालते. येथील कित्येक विद्यापीठांची अशी वहिवाट आहे की, जो विद्यार्थी त्या मुदतीत त्यांच्याकडे अर्ज करून ‘प्रवेश मिळाल्यास मी येथेच येईन व इतर सर्व अर्ज मागे घेईन’ असे लेखी वचन देतो, त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्यासच लावावयाचा, आणि बाकीच्यांनी जानेवारीत अर्ज करून वसंत ऋतूपर्यंत प्रतीक्षा करावयाची. असे वचन एका वेळी एकाच विद्यापीठास देता येते, आणि त्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर पालकाची व शाळेच्या वतीने जबाबदार व्यक्तीची सही लागते.

यंदा हा प्रश्न मला खामगावाहून आला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी वाणिज्य शाखेत बारावीला आहे. व्हॉर्टनसारख्या विद्यालयात व्यवसायशास्त्राची पदवी घ्यावी, अशी तिची आकांक्षा आहे. “काका, लवकर अर्ज टाकला तर नंबर लागते म्हनतात, मंग कुठी टाकू ते तुमीच सांगा,” असे तिने फोनवर विचारले. या प्रश्नातील ‘तुमीच सांगा’ हे शब्द मला अधिक विचारात टाकून गेले.

खामगावच्या मुलीने व्यापाराच्या शिक्षणाची इच्छा धरावी यात नवल नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत लवकर पोहोचावा म्हणून जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा १८७० साली घालण्यात आली, आणि तिच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, इतके त्या बाजाराचे माहात्म्य होते. त्या बाजारातील ज्ञान मात्र पेढीवर, मुनिमाच्या शेजारी बसून, खतावणी लिहिता लिहिता मिळे. जस्त व निकेलच्या कारखानदारीत धनाढ्य झालेल्या जोसेफ व्हॉर्टन यांना फिलाडेल्फियात नेमकी हीच उणीव जाणवली. केवळ उमेदवारी करून मिळणारे ज्ञान तुटपुंजे असते, राजस्व, चलन, करपद्धती व अर्थशास्त्र यांचे अध्ययन विद्यापीठाच्या छत्राखालीच व्हावयास हवे, या निष्ठेने त्यांनी १८८१ साली एक लक्ष डॉलरची देणगी देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे विद्यालय स्थापिले. आजही तेथील पदवीधरास मिळणारी पदवी ‘अर्थशास्त्रातील विज्ञान-स्नातक’ अशीच आहे. केवळ दुकानदारीची विद्या शिकावयास जो तेथे जाईल, त्याच्या पुढ्यात प्रथम गणित आणि संख्याशास्त्रच येईल.

लवकर केलेल्या अर्जाचा लाभ खरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर या तिघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, असा अर्ज करणे हे प्रवेशपरीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळविण्यासारखे आहे, असा निष्कर्ष काढला होता. परंतु त्या लवकर आलेल्या अर्जांत क्रीडापटू असतात, माजी विद्यार्थ्यांची अपत्ये असतात, आणि ज्यांना खर्चाची विवंचना नाही अशा घरांतील मुले तर असतातच. म्हणून स्वीकृतीचे जे प्रमाण छापले जाते, ते जसेच्या तसे खामगावच्या मुलीस लागू होईल, असे मानणे धोक्याचे आहे. हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी याच विषमतेचा विचार करून २००६ साली लवकर प्रवेशाची पद्धत बंद केल्याचे जाहीर केले, आणि २०११ साली ती पुन्हा सुरू केली, यावरून ही प्रथा किती चिवट आहे ते कळते.

आमच्या बाजारात इसार घेतल्यावर दुसऱ्या दिवशी भाव चढला म्हणून फिरणाऱ्या अडत्यास कोणी पुन्हा दारात उभे करीत नसे. हे वचनही त्याच जातीचे आहे. मात्र त्यातील आर्थिक बाजू तपासून पाहिली पाहिजे. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनीही बडोदे संस्थानाशी दहा वर्षे चाकरी करण्याचा करार केला होता; परंतु त्या बंधनाच्या मोबदल्यात सयाजीराव महाराजांच्या सरकारने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आधीच मंजूर केली होती. येथे विद्यार्थी प्रथम बांधला जातो, आणि किती साहाय्य मिळणार ते प्रवेशाच्या निकालाबरोबर कळते. साहाय्य अपुरे ठरल्यास वचनातून मोकळीक मागता येते, हे खरे; पण निरनिराळ्या विद्यापीठांचे देकार समोर ठेवून तुलना करण्याचा हक्क मात्र त्या सहीने गेलेला असतो. शिवाय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील विद्यार्थ्यांच्या अर्जाचा विचार करताना त्यांची ऐपत पाहत नाही. भारतातून आलेल्या अर्जात मात्र साहाय्याची गरजही विचारात घेतली जाते. फिलाडेल्फियात जन्मलेल्या माझ्या मुलांना जो सल्ला चालेल, तो पुतणीला चालेलच असे नाही.

म्हणून मी तिला लिहिले की, लवकर अर्जाने मिळणारा लाभ घटकाभर विसरून जा, आणि मग पाहा की तेच विद्यालय तुला प्रथम हवेसे वाटते काय. वाटत असेल, आणि बाबांनी घरचा जमाखर्च मांडून ‘इतके आम्हांस झेपेल’ असा आकडा स्वच्छ सांगितला असेल, तर निःशंक सही कर. यांपैकी एकाही बाबतीत मन कचरत असेल, तर नोव्हेंबरात सही न करता चार ठिकाणी अर्ज कर; न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न विद्यालयाकडे जानेवारीतही वचनपूर्वक अर्ज करता येतो, आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ असले वचन मागतच नाही. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालविला आहे; घरापासून तुलनेने जवळ असलेली ती संस्था कमी प्रतीची मानण्याचे काही कारण नाही.

पण कोठे सही करावयाची, हे मी सांगणार नाही, असेही त्या पत्रात स्पष्ट लिहिले. परदेशात स्थायिक झालेल्या काका-मामांकडे गावाकडील मुले एका विलक्षण विश्वासाने पाहतात, आणि त्या विश्वासाचा आदर करावयाचा तर त्यांच्या पुढ्यात माहिती ठेवून निर्णय त्यांच्याच हाती सोपविणे, हाच मार्ग मला रास्त वाटतो. सतराव्या वर्षी दिलेले वचन चार वर्षे पाळावयाचे असते, आणि ज्याला ते पाळावयाचे असते, त्यानेच ते द्यावे.