‘देख लीजिए’

आमच्या नोकरीत काही अधिकाऱ्यांबद्दल एक वाक्य फार कौतुकाने बोलले जाते : ‘साहेब कुणाच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत.’ निवृत्तीच्या निरोपसमारंभात तर ते हमखास ऐकू येते. उत्तरेकडील एका शहरात मी ज्यांच्याकडून कार्यभार घेतला, ते याच कीर्तीचे गृहस्थ होते. सज्जन, मृदुभाषी, कधी कुणावर आवाज न चढवणारे. कोणी काही विचारायला गेले की त्यांचे ठरलेले उत्तर असे, ‘आप समझदार हैं, देख लीजिए.’ त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीची डोंगल तक्रार कक्षातील सहायक बाईंच्या खणात असे.

डोंगलच्या त्या जागेतच सारे आले. कागदी फायलींच्या काळात अधिकारी कितीही अलिप्त असला तरी सहीपुरता का होईना, त्याला कागदाला हात लावावा लागे. सहायकाने टिपणी लिहायची, अनुभाग अधिकाऱ्याने ती पुढे सरकवायची, अवर सचिवाने ‘चर्चा करावी’ असा शेरा मारायचा. या चढणीत महिने जात, हे मी नाकारीत नाही. पण खालच्या माणसाच्या लिहिण्यावर वरच्याच्या सहीचे छत्र असे, आणि रागावलेला नागरिक निदान साहेबांच्या दारापर्यंत तरी पोहोचू शके. संगणकाच्या पडद्याला असे दार नसते. पडद्यामागे जो बसला आहे, तोच नागरिकाच्या दृष्टीने सरकार.

केंद्र सरकारची सीपीग्राम्स ही तक्रार निवारण व्यवस्था २००७ साली सुरू झाली. तक्रार नोंदविताच नोंदणी क्रमांक मिळतो. मग ती मंत्रालयाच्या नोडल अधिकाऱ्याकडून खाली उतरत उतरत प्रत्यक्ष हाताळणाऱ्यापर्यंत येते. निवारणाची मुदत २०२२ साली ३० दिवस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २१ दिवस करण्यात आली. हे नागरिकाच्या हिताचेच आहे. मात्र मुदत घटल्याने निर्णय घेणारे हात वाढत नाहीत, आणि साहेबांनी हात काढूनच घेतला असेल तर खालच्याला मुदतीत करता येण्याजोगी एकच गोष्ट उरते : तक्रार बंद करणे.

आमच्या त्या सहायक बाईंचे असेच झाले होते. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले होते. सेवापुस्तकातील तिचे नाव आणि बँकेतील नाव जुळत नव्हते. प्रतिज्ञापत्र मान्य करावे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि ते ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा होता. बाईंनी विचारले, उत्तर मिळाले, ‘देख लीजिए.’ त्यांनी काय बघायचे? ‘आपली तक्रार संबंधित शाखेकडे पाठविण्यात आली आहे’ असे लिहून त्यांनी ती निकाली काढली. मुलाने पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच उत्तर गेले. असे सात वेळा झाले. सातव्या वेळेपर्यंत त्याने बाईंचे नाव शोधून काढले होते आणि लिहिले होते, ‘तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस नाही का?’ त्या मजकुराची छापील प्रत बाईंनी खणात, डोंगलच्या खाली, जपून ठेवली होती. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. दुपारी बारापर्यंत त्या तक्रारींचे पान उघडीतच नसत. सहकारी याला कामचुकारपणा म्हणत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘लेसे फेअर’ हा शब्द प्रिय असतो. बाजाराला मोकळे सोडा, कारण तेथे किंमत बोलते, असा त्यामागचा विश्वास. पण रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता : बाजार जर इतका समर्थ आहे, तर मुळात उद्योगसंस्था का निर्माण होतात? त्यांच्या मते संस्थेच्या आत किमतीची जागा निर्देश घेतो, आणि बाजारातल्या प्रत्येक व्यवहाराला येणारा खर्च त्यामुळे वाचतो. आता ज्या कार्यालयात किंमतही नाही आणि निर्देशही नाही, त्याला काय म्हणावे? तो बाजारही नव्हे आणि कार्यालयही नव्हे. स्वातंत्र्य तर मुळीच नव्हे. अधिकार हाती न देता सोपविलेली मोकळीक म्हणजे केवळ बेवारसपण. नॉर्वेतील स्कोगस्टाड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अलिप्त नेतृत्वाचा संबंध त्यांना भूमिकेविषयीच्या गोंधळाशी, सहकाऱ्यांमधील भांडणांशी आणि मानसिक त्रासाशी आढळला. नेतृत्वाचा नुसता अभाव म्हणून ज्याकडे पाहिले जाई, ते त्यांनी घातक वर्तनच मानले. आमच्या कक्षातील चार टेबलांना हे नॉर्वेला न जाताही सांगता आले असते.

मी फार काही केले नाही. डोंगल परत घेतली. रोज सकाळी अर्धा तास कक्षातच खुर्ची टाकून बसू लागलो. नकार द्यायचा असेल तर तो माझ्या नावाने जाईल, कारण आणि नियम लिहून जाईल, एवढे ठरविले. ते प्रतिज्ञापत्र दुसऱ्याच दिवशी मान्य झाले. तीन-चार ओळींचे काम होते. सर्वांना हा बदल रुचला असे मात्र नाही. एक ज्येष्ठ सहायक उघड नाराज झाले. आधीच्या साहेबांच्या काळात त्यांनी स्वतःच्या हुशारीवर पुष्कळ प्रकरणे मार्गी लावली होती आणि त्यांना माझी खुर्ची म्हणजे पहारा वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्यांच्यापुरती मी ती बैठक आठवड्यातून एकदाच ठेवली.

एक टेबल मात्र या साऱ्याच्या बाहेर राहिले. कार्यालयाच्या समाजमाध्यम खात्यावर येणाऱ्या संदेशांना उत्तरे देणारा तरुण कंत्राटी होता. लोकांच्या शिव्या सर्वांत आधी तोच वाचत असे, रात्री अकरा वाजताही. त्याला नेमणाऱ्या संस्थेचा पर्यवेक्षक दुसऱ्या शहरात बसे आणि महिन्यातून एकदा हजेरीपत्रक मागवी. उत्तर काय द्यायचे, हे मी त्याला सांगू शकत होतो. पण त्याची पाळी बदलणे किंवा त्याला दोन दिवस त्या पडद्यापासून दूर ठेवणे माझ्या हातात नव्हते. त्याच्या रजेचा अर्ज माझ्याकडे येतच नसे.