धारवाडची कसूती आणि अकरा घरांचा खेकडा

बेळगावहून धारवाड ते किती लांब! हिरेबागेवाडी मागे टाकावी, एम. के. हुबळीला मलप्रभेचा पूल ओलांडावा, कित्तूरला राणी चन्नम्मेच्या पडक्या वाड्याकडे मान वळवून पाहावे, आणि तेगूर गेले की धारवाडच्या लाल मातीचा रंग दिसू लागतो. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांची ही वाट आम्ही आयुष्यात किती वेळा तुडवली असेल याची गणती नाही. लग्नकार्ये, आजारपणे, गाण्याच्या बैठका, कधी नुसता पेढा. पण मांडीवर आईचे लुगडे घेऊन या वाटेने जाण्याचा प्रसंग यंदा प्रथमच आला, आणि तोही आमच्या मनाविरुद्ध.

आईला आम्ही सारेच आक्का म्हणत असू. तिचे माहेर धारवाडचे. १९४९ साली ती लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा तिच्या पेटीत एक काळीभोर इरकली चंद्रकळी होती. पदरावर गोपुरे, रथ, तुळशीवृंदावन आणि पाठोपाठ चाललेले हत्ती, सारे तिच्या हातचे. मात्र पदराच्या एका कोपऱ्यात चार बोटे जागा कोरी राहिली होती. लग्नाची घाई झाली असेल, किंवा पुढे संसाराने उसंत दिली नसेल. आम्ही विचारले की ती हसून म्हणे, "भरू की सावकाश." १९९१ साली ती गेली. कोपरा तसाच राहिला.

आता आमच्या धाकट्या कन्येविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती बेंगळूरला संगणकाच्या कामात आहे. दिवसभर पडद्यापुढे बसून रात्री पुन्हा ती पडद्यावरचीच चित्रे दोसुतीवर भरीत बसते. आधी चौकटीच्या कागदावर आकृती मांडायची, एक चौकट म्हणजे एक फुलीचा टाका असा हिशेब करायचा, कापडाचा मध्य काढायचा आणि तेथून मोजत निघायचे. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर सुईत घ्यायचे. प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला पडला पाहिजे, नाहीतर उजेडात भरण डागाळल्यासारखे दिसते. हे सारे आमच्या पिढीच्या घरोघरी चालत असे. फरक इतकाच, की तेव्हा दोसुतीवर गुलाब आणि पोपट उमटत, आणि आमच्या कन्येच्या उशीवर १९७८ सालच्या जपानी खेळातले परग्रहावरचे जीव रांगेने उभे आहेत. तोमोहिरो निशिकादो नावाच्या गृहस्थांनी रचलेला हा 'स्पेस इन्व्हेडर्स' खेळ. त्यातला खेकड्यासारखा दिसणारा जीव अकरा घरे रुंद आणि आठ घरे उंच. हात खाली सोडून तो उभा असतो तेव्हा अठ्ठ्याऐंशी घरांपैकी फक्त ४६ भरलेली असतात. इंचाला चौदा घरे असलेल्या कापडावर त्याची रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. एवढ्याशा जागेत शिंगे, डोळे, पाय सारे काही! हे कौशल्य आम्ही नाकारीत नाही.

पण दिवाळीत ती घरी आली, आक्काची पेटी उघडली आणि म्हणाली, "बाबा, हा कोपरा मी भरणार. आणि त्यात माझा खेकडा काढणार."

आम्ही चिडलो हे कबूल केले पाहिजे. गोपुर, वृंदावन, हत्ती आणि त्यांच्या पंगतीला व्हिडिओ खेळातले भूत? सौ. ने मध्यम मार्ग काढला. धारवाडला तिच्या ओळखीच्या एक बाई कसूती शिकवतात. त्यांना विचारावे, त्या म्हणतील ते सर्वांनी मान्य करावे. आम्हाला वाटले, कसूतीत मुरलेली बाई, ती आपल्याच बाजूने बोलेल. म्हणून निघालो.

कसूती हा शब्द कानडी. 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत अशी त्याची फोड सांगतात. या कामात कापडावर नक्षी आधी उमटवून घेत नाहीत. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. टाके चार. गवंती, म्हणजे एकेक टाका सोडून धावदोऱ्याने पुढे जायचे आणि परतताना सुटलेल्या जागा भरायच्या. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुरगी हा पायऱ्यापायऱ्यांचा टाका. नेयगी विणकामासारखा भासतो, नावही विणण्यावरूनच पडले आहे. आणि चौथा मेंथी, मेथीदाण्याचा, जो दुसरा तिसरा कोणी नसून आपला फुलीचा टाका! आमची कन्या जे परक्या नावाने शिकली ते तिच्या आजीच्या गावात मेथीच्या नावाने नांदत होते.

बाईंचे घर साधनकेरीच्या अंगाला. वाटेत बेंद्र्यांचे घर लागते. घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाने कानडी कवितेला केवढे वैभव दिले, आणि १९७३ चे ज्ञानपीठही आणले! उत्तर वयात त्यांना आकड्यांचे वेड लागले होते. आमच्या कन्येने हे ऐकल्यावर गाडीची काच खाली करून त्या घराकडे जरा जास्तच आदराने पाहिले.

बाईंनी लुगडे चटईवर पसरले. चष्मा कपाळावर सरकवून, पदर नाकाशी नेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर उलटा केला. "छलो ऐती," त्या म्हणाल्या, आणि आमच्यासाठी मराठीत, "हात फार स्वच्छ होता हो तुमच्या आक्कांचा. गाठ कुठे नाही." आमचा गळा उगाचच दाटून आला. त्यानंतर कन्येने आपला कागद पुढे केला. आम्ही बाईंच्या चेहऱ्याकडे आशेने पाहू लागलो.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी बोटाने घरे मोजली आणि विचारले, "मेंथीने भरणार? इतक्या बारीक रेशमावर? जड होईल. शेजारी हत्ती गवंतीचा आहे. ह्याची नुसती कड काढ. सगळी पायरी-पायरीच आहे की, मुरगीसारखी."

इथून पुढे आम्हाला त्या खोलीत कोणी विचारले नाही. दोघी कागदावर ओणवल्या. कन्येला एकदम स्फुरण चढले. ती सांगू लागली की गवंतीत प्रत्येक रेघेवरून आपण दोनदा जातो, एकदा जाताना व एकदा येताना. त्यामुळे प्रत्येक नाक्यावर येणाऱ्या वाटा आणि जाणाऱ्या वाटा समसमान होतात, आणि आकृती कितीही गुंतागुंतीची असो, सुई निघाल्या जागी परत येतेच. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली क्योनिग्सबर्गच्या सात पुलांविषयी हाच विचार मांडला होता. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे शहर फिरणे तेथे अशक्य होते. पण प्रत्येक पूल दोनदा ओलांडायची मुभा असती तर काहीच अडचण नव्हती. बाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांपर्यंत जाणार कशी?"

कन्या गप्प झाली. खेकड्याचे डोळे म्हणजे अंगाच्या मधोमध सोडलेली दोन रिकामी घरे. बाहेरच्या कडेशी त्यांचा कोठेच सांधा नाही. कसूतीत गाठ मारायची नाही आणि मागून लांब दोरा ओढून न्यायचा नाही. मग कडेवरून निघालेली सुई त्या एकट्या चौकोनात उतरणार कोठून? ऑयलरचे पूलही शहराला जोडलेले होते. हे डोळे बेटासारखे होते.

"शिंगापासून डोळ्यापर्यंत एक टाका दे," बाई म्हणाल्या. "एकच घर. झाले."

"पण मूळ आकृतीत तो टाका नाही!" कन्येचा स्वर आम्हाला ओळखीचा वाटला. दिवाळीत हत्तींच्या बाजूने आम्ही ज्या स्वरात बोललो होतो, नेमका तोच. या खेळाच्या भक्तांना एक ठिपका इकडचा तिकडे झालेला चालत नाही म्हणे. ती बराच वेळ हटून बसली. डोळेच गाळावेत काय, दुसऱ्या दोऱ्याने वेगळे भरावेत काय, असे नाना उपाय तिने सुचवले. बाई प्रत्येकाला मान हलवीत.

शेवटी बाईंनी आक्काचा पदर जवळ ओढला आणि पहिल्या हत्तीवर सुईचे टोक ठेवले. कपाळापासून डोळ्यापर्यंत एक बारीकसा उभा टाका होता. दुसऱ्या हत्तीलाही. सगळ्या हत्तींना. साठ-सत्तर वर्षे ते लुगडे घरात, सणासुदीला आम्ही ते हातात घेतलेले, आणि हा टाका आम्हाला कधी दिसला नव्हता. आम्ही तो डोळ्याचाच भाग समजत होतो.

कन्येने कागदावर दोन्ही डोळ्यांना एकेक रेघ जोडली. आम्ही काही बोललो नाही. सौ. ने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही चहाचा कप उचलला.

बाईंनी फी घेतली नाही. "झाल्यावर उलटी बाजू दाखवायला आण," एवढेच म्हणाल्या. लाइन बाजारात पेढ्यासाठी थांबलो, तेथे दुकानापुढे नेहमीप्रमाणे गर्दी. परतताना कित्तूरच्या पुढे अंधार पडला. कन्या मागच्या आसनावर मोबाइलच्या उजेडात पदराचे धागे मोजत होती: एका टाक्याला चार धागे, अकरा टाक्यांना चव्वेचाळीस. मध्येच गाडीला धक्का बसला की आकडा चुके, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

आक्काच्या पेटीत पांढऱ्या रेशमाची एक लडी शिल्लक आहे. वर्षांनी ती थोडी पिवळसर झाली आहे. नवी आणली तर रंग जुळायचा नाही. तेवढीत खेकडा पुरा होईल असा कन्येचा हिशेब आहे. संक्रांतीला ती पुन्हा येणार आहे. एक शिंग आणि डावा डोळा झाला आहे.