जमाखर्चाची वही

आज वर्गात नाट्यसंहितेऐवजी जमाखर्चाची वही उघडली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर किंचित नाराजी उमटली. परंतु १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी, एवढे वैभव आणि एवढी लोकप्रियता लाभूनही, कर्जाच्या ओझ्याखाली कशी वाकली हे सांगू लागताच सारे सावरून बसले. नाट्यगृहाची तारीख, परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, लेखकाशी करारनामा, कलावंतांची नाइट म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, नेपथ्याच्या टेम्पोचे भाडे, या साऱ्यांची तजवीज हीदेखील तालीमच होय, असे मला अंतःकरणापासून वाटते. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ साली झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, हे रसिकांना स्मरते; त्या प्रयोगाची तिकिटे ज्यांनी विकली, हिशेब ज्यांनी चुकता केला, त्यांची नावे सहसा कोणी विचारीत नाही. एका मुलीने आज विचारली. उद्यापासून वही तिच्या स्वाधीन करणार आहे.