कान कोणी धरावा?

आपल्या मुलाने केलेल्या खोडीचे आपणांस कौतुक वाटते आणि तीच खोडी शेजारच्या मुलाने केली की तिला आपण उपद्रव म्हणतो. आपल्या बंडूने भिंतीवर खडूने हत्ती काढला, तर त्याच्या हाती चित्रकला आहे असे आपण पाहुण्यांस सांगतो. शेजारच्या मुलाने जिन्यात तोच हत्ती काढला, तर त्या घराला वळण नाही असे म्हणून मोकळे होतो. हत्ती दोन्हीकडे सारखाच असतो, त्याची सोंडही दोन्हीकडे वाकडीच असते!

परंतु जिन्यातल्या या हत्तीपाशी एक खरा प्रश्न उभा राहतो. मुलाचे आईवडील तेथे नाहीत आणि आपण आहोत. आपण त्याला बोलावे काय? बोलावे तर किती? आणि रागाच्या भरात त्याचा कान धरण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गोकुळात एका घरचा मुलगा साऱ्या गावाचे लोणी खात होता, शिंकी तोडीत होता, मडकी फोडीत होता. गौळणींनी काय केले? त्या गाऱ्हाणे घेऊन यशोदेच्या दारी गेल्या. एकनाथादी संतांनी या प्रसंगांवर गौळणी रचल्या आणि आजही भजनांत त्या म्हटल्या जातात. त्या ऐकताना एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. नुकसान झाले होते, राग आला होता, तरीही त्या स्त्रियांना कृष्णाचे घर ठाऊक होते, त्याची आई ठाऊक होती, आणि ती आपले म्हणणे निदान ऐकून घेईल अशी आशा होती. दार माहीत असेल तरच गाऱ्हाणे नेता येते.

मी राहतो त्या नवी मुंबईत हे दार सापडणेच कठीण झाले आहे. १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि खाडीपलीकडील ९५ गावांच्या परिसरात या शहराची आखणी झाली. देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे आली, शेजारी शेजारी राहू लागली. तत्पूर्वीची गावेही नाहीशी झाली नाहीत. दिवाळे, सारसोळे, करावे अशी आगरी-कोळ्यांची गावठाणे उंच इमारतींच्या शेजारी अजून आपापले देव आणि आपापले उत्सव सांभाळून आहेत. अशा गावात एखादा मुलगा वेडेवाकडे वागताना दिसला, तर म्हातारे माणूस प्रथम विचारते, "कुणाचा रे तू?" या तीन शब्दांत अर्धी कानउघाडणी होऊन जाते. कारण मुलाने वडिलांचे नाव सांगितले की म्हाताऱ्याला त्याचे वडीलच काय, आजोबाही आठवतात. आणि आपण ओळखले गेलो हे कळल्याबरोबर मुलाचा हात आपोआप खाली येतो. मुंबईच्या चाळींतही असेच होते. दिवसभर दारे उघडी. गॅलरीत धावणाऱ्या मुलाला कोणत्याही दारातून एखादी काकू हाक मारीत असे, आणि तीच काकू संध्याकाळी त्याच्या हातावर लाडू ठेवीत असे.

नव्या शहरातही असे अंगण करता येईल, असे एका वास्तुविशारदास वाटले होते. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया. नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात ज्या तिघांनी पुढे मांडली त्यांपैकी ते एक होत. बेलापूर येथे त्यांनी १९८० च्या दशकात एक वसाहत रचली. तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. सात घरे एका लहानशा अंगणाभोवती, अंगण सुमारे आठ मीटर लांब आणि तितकेच रुंद. अशा तीन गटांच्या मध्ये पुन्हा एक मोठे अंगण. आज तेथील पुष्कळ घरांचे रूप पालटले आहे. पण त्या योजनेतील एक गुण मला शिक्षक म्हणून विशेष आवडतो. आठ मीटरांच्या अंगणात खेळणारे मूल सात घरांच्या दृष्टीपुढे असते. त्याचे नाव, त्याचा स्वभाव, त्याचा पडलेला दात, सारे सात घरांना ठाऊक होते. चौदाव्या मजल्यावरच्या मुलाचे असे होत नाही. तो उद्वाहनातून, म्हणजे तुमच्या लिफ्टमधून, उतरतो, खाली खेळतो, पुन्हा वर जातो. त्याने चेंडूने काच फोडली तरी तो कोणाचा, हे शेजारच्या दाराला सांगता येत नाही.

जुन्या अंगणाचे मी निव्वळ गोडवे गाणार नाही. कोणीही यावे आणि टपली मारून जावे, अशी काही मुलांची तेथे गत असे. आणि ही टपली बहुधा गरिबाच्या मुलालाच बसे. आजही ती त्यालाच बसते. आमच्या इमारतीच्या आवारात मी एक प्रसंग पाहिला आहे. एक पाणी आणणारा टँकर मागे येत होता. त्याच्या मागे एक लहान मूल खेळण्यातली मोटार ओढीत उभे होते. पहारेकऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलाने धावत जाऊन त्या बाळाचा दंड धरला आणि त्याला इतक्या जोराने बाजूला ओढले की बाळ पडले व रडू लागले. एक सद्गृहस्थ नेमके त्याच क्षणी जिन्यातून बाहेर येत होते. त्यांना दिसले एवढेच, की थोरल्या मुलाने धाकट्याला पाडले. त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. टँकरवाल्याने खाली उतरून खरा प्रकार सांगितला, तेव्हा ते गृहस्थ "असे होय?" म्हणाले आणि कामावर निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस तो मुलगा खेळावयास आला नाही; वडिलांच्या खोलीच्या दारात बसून इतरांचा खेळ पाही.

त्या जागी संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा असता तर तो हात उगारला गेला असता काय? मला तसे वाटत नाही. आधी विचारपूस झाली असती, आणि तेवढ्या अवधीत टँकरवालाही बोलला असता.

म्हणून या बाबतीत माणसाने तीन कृती निरनिराळ्या ओळखाव्यात असे मी मानतो. एक अडवण्याची, दुसरी समजावण्याची आणि तिसरी शिक्षेची.

अडवणे हे कोणाही मोठ्या माणसाचे कर्तव्यच होय. तेथे ओळखपाळख पाहावयाची नसते. शिमग्याच्या दिवसांत काही मुले रुळांच्या कडेला पाण्याने भरलेल्या पिशव्या घेऊन उभी राहतात व जाणाऱ्या लोकलवर त्या फेकतात. त्यांना ती गंमत वाटते. आता थोडे गणित करा. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात २० मीटर जाते. सातव्या मजल्यावरून सुटलेल्या वस्तूस जमिनीवर येईपर्यंत साधारण एवढाच वेग येतो. म्हणजे मुलाने पिशवी नुसती समोर धरली, तरी दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर ती सातव्या मजल्यावरून पडल्यासारखी आदळेल; आणि फेकली तर त्याहूनही जोराने आदळू शकेल. यात माणसाचा डोळा जाऊ शकतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात प्रवाशांचा जीव जाणूनबुजून धोक्यात घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. मुलांच्या हातून असे घडल्यास त्याचा विचार बाल न्याय मंडळापुढे वेगळ्या रीतीने होतो. पण गेलेला डोळा त्याने परत येत नाही. अशा वेळी "माझा मुलगा थोडाच आहे!" असे म्हणून जो पुढे जातो, त्याला मी सभ्य म्हणणार नाही. त्याने थांबावे, मोठ्याने हाक मारावी, मुलाच्या आणि रुळांच्या मध्ये उभे राहावे.

शिक्षेचा अधिकार मात्र परक्यास मुळीच नाही, आणि याविषयी माझे मत अगदी ठाम आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली; १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. छडी गेल्यावर वर्ग सांभाळावा कसा, असे काही सहकारी काळजीने विचारीत. वर्ग सांभाळले गेले. कष्ट अधिक पडले, कारण छडी उगारण्यास मुलाचे नाव ठाऊक असावे लागत नाही; त्याच्याशी बोलावयाचे तर नावच काय, घरचे वर्तमानही ठाऊक असावे लागते. स्वीडन देशाने तर १९७९ सालीच, जगात प्रथम, आईवडिलांनाही मुलांवर हात टाकण्यास मनाई केली होती. वर्षानुवर्षे मुलाला पाहणाऱ्या शिक्षकास जो अधिकार नाही, तो अर्धा क्षण पाहणाऱ्या वाटसरूस कोठून येणार? टँकरची गोष्ट आठवा.

उरले समजावणे. ते या दोहोंच्या मध्ये आहे आणि सर्वांत अवघड आहे. आजच्या काळात त्यात एक नवी अडचणही आली आहे. अनोळखी माणसाबरोबर कोठे जाऊ नये, असे तुम्हांस घरी व शाळेत शिकवितात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा मोठ्याने बोलावयाचे ते चारचौघांत, उजेडात, हात न लावता बोलावे. मुलास बाजूला नेऊ नये. आणि मुलांनो, तुम्ही त्याच्याबरोबर कोठे जाण्याचे कारण नाही. पण त्याचे म्हणणे ऐकण्यास काय हरकत आहे? "तुम्ही मला सांगणारे कोण?" हा प्रश्न मी पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकला आहे. प्रश्न वाजवी आहे. पण सांगणाऱ्याचे म्हणणे खरे असेल, तर तो कोण आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. आईवडिलांनाही यात थोडे काम आहे. गाऱ्हाणे घेऊन कोणी दारी आले की "आमचा मुलगा असे करणारच नाही" हे वाक्य अनेकांच्या ओठांवर तयार असते. पाहुण्याला आत बसवून, मुलालाही समोर बोलावून दोन्ही बाजू ऐकणारे आईवडील मी पाहिले आहेत, पण ते थोडे.

समजावणारा कसा असावा, हे मी एकदा खाडीकाठी पाहिले. आमच्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. तुम्ही त्यांना फ्लेमिंगो म्हणून ओळखता. ओहोटीच्या वेळी ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती येऊन चिखल पाण्याखाली गेला की जवळच्या पाणथळ जागी येऊन उभे राहतात. मार्च महिन्यातली दुपार होती, सुमारे पाच वाजले होते. चारपाच मुले त्या पक्ष्यांवर दगड मारीत होती. दगड पाण्यात पडे, गुलाबी थवा उडे, मुले टाळ्या पिटीत. फिरावयास आलेले लोक कपाळाला आठ्या घालून पुढे जात होते. तेवढ्यात खांद्यावर जाळे घेतलेले एक वयस्क कोळी तेथे आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी जाळे खाली ठेवले आणि विचारले, "कुणाची रे तुम्ही पोरं?"

मुले गोंधळली. एकाने इमारतीचे नाव सांगितले, दुसऱ्याने वडिलांचे. मग कोळीबाबांनी पक्ष्यांकडे बोट केले. हे पक्षी डोके उलटे करून चोच चिखलात घालतात आणि चाळणीने गाळावे तसे अन्न गाळून घेतात, हे त्यांनी स्वतःच्या हाताचा पंजा उलटा करून दाखविले. आता भरतीमुळे त्यांचे ताट पाण्याखाली गेले आहे. घटकाभर विसावा घेण्यास ते येथे आले आहेत. येथूनही उडविले तर ते उपाशीपोटी जातील कोठे?

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने दगड हातात तसाच धरलेल्या एका मुलाने विचारले, "काका, मग ते परत कधी जेवणार?"

"ओहोटी लागली की."

"ओहोटी कधी लागते?"

त्यावर कोळीबाबांनी त्यांना भरतीचा हिशेब शिकविला. तिथीचा आकडा घ्यावा, त्याचे पाऊणपट करावे. भरती पुरी होण्याची वेळ साधारण तितक्या वाजता येते. त्या दिवशी षष्ठी होती. सहाचे पाऊणपट साडेचार; म्हणजे भरती होऊन गेली होती आणि पाणी उतरू लागले होते. उद्या सप्तमी. मुले बोटे मोजू लागली. दगड धरलेल्या मुलाला मोजण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे होते. त्याने दगड पायाशी ठेवला आणि सर्वांच्या आधी उत्तर दिले, "सव्वापाच!"